हद्द आधी, कुंपण मग

दोन जमिनींच्या मधे जे काही उभे आहे तीच हद्द, असे आपल्याकडे सर्रास धरून चालतात. विदर्भातला धुरा असो, कोकणातला जांभ्या दगडाचा गडगा असो, देशावरचा बांध असो की शहरातल्या प्लॉटची कंपाउंड भिंत, समजूत एकच. कायद्याचा भर मात्र भूमापनाच्या नोंदींवर आणि हद्दीच्या खुणांवर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 140 नुसार आपल्या जमिनीच्या हद्दखुणा शाबूत ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक जमीनधारकावर आहे. खूण मोडली वा हलली, तर ती नीट करण्याचा वाजवी खर्चही त्याच्याकडून घेतला जातो. सरकारी अधिकाराने बसवलेला हद्दीचा दगड मुद्दाम उपटणे किंवा सरकवणे हा तर तुरुंगवासापर्यंत नेणारा गुन्हा आहे. पण कुंपण कोणी घालायचे, शेजाऱ्याने अर्धा खर्च उचलायचा की नाही, पावसात ढासळलेला गडगा कोणी रचायचा, याचे तयार उत्तर या अधिनियमात सापडत नाही. ही रिकामी जागा दोन्ही शेजाऱ्यांनी खांब रोवण्यापूर्वीच, आणि लेखी, भरून काढली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी आधी रेषा पक्की हवी. भांडणात पहिला पुढे येतो तो सातबारा. ‘माझे 40 गुंठे, भरतात 38, म्हणजे 2 गुंठे तू दाबलेस,’ हा हिशेब ऐकायला बिनतोड वाटतो. पण सातबाऱ्यावर क्षेत्र असते, नकाशा नसतो. ते 2 गुंठे रस्त्यात गेले, ओढ्याने खाल्ले, की तिसऱ्याच बाजूच्या बांधात मुरले, हे उतारा सांगू शकत नाही. रेषा शोधायची ती गटाच्या नकाशात, फाळणीत आणि जुन्या टिपणांत. पूर्वीची मोजणी 33 फुटांच्या साखळीने होई. साखळीचे 16 आणे, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद अशा 1089 चौरस फुटांचा एक गुंठा. आज भूकरमापक उपग्रहाच्या संकेतांवर चालणारा रोव्हर घेऊन येतो, पण त्यालाही जुन्या अभिलेखाशी मेळ घालावाच लागतो. हद्दकायम मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांनाही जाते. त्या दिवशी रागाने घरी बसणारा माणूस स्वतःचेच नुकसान करून घेतो. हजर राहावे, आपली वहिवाट दाखवावी, पटत नसेल तर हरकत लेखी नोंदवावी आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात घ्यावी. तरीही समाधान झाले नाही, तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते. हद्दीचा वाद कलम 135 खाली महसूल यंत्रणेकडे नेता येतो आणि मालकीचाच प्रश्न असेल तर दिवाणी न्यायालय आहेच.

मोजणीला पैसे लागतात, तारखा पुढे जातात, ही तक्रार खरी आहे. पण सिमेंटचे खांब आणि तार उभी राहिल्यावर रेषा चुकल्याचे कळले, तर मोजणीची फी भरावी लागतेच आणि वर कुंपण उखडण्याचा खर्च येतो. दुसरा आक्षेप जुन्या कब्जाचा. बारा वर्षे कुंपण इथेच आहे, आता जमीन आमची, असे अनेक जण बिनधास्त सांगतात. मुदत कायद्यात 12 वर्षांची तरतूद आहे, पण नुसती वर्षे भरून भागत नाही. कब्जा उघड, अखंड आणि मूळ मालकाचा हक्क नाकारणारा होता, हे सिद्ध करावे लागते. शेजाऱ्याने गुरे आवरावीत म्हणून चालवून घेतलेली वई या कसोटीला सहसा उतरत नाही.

रेषा ठरली म्हणून तिच्यावर हवे ते करता येते असेही नाही. बांधावरून मागच्या शेताला वाट लागत असेल, तर कलम 143 खाली तहसीलदार गरज पाहून ती देऊ शकतात. चालू वाट कुंपणाने अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली 6 महिन्यांच्या आत दाद मागता येते. शहरात शेजारच्या आंब्याची फांदी आपल्या अंगणात आली तरी कुऱ्हाड उचलण्याआधी वृक्ष प्राधिकरणाकडे चौकशी करावी, कारण 1975 च्या वृक्ष कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही येते.

मग कागदावर काय लिहायचे? कुंपण ‘क’ प्रतीतल्या रेषेवर आहे की एकाच्या हद्दीत आत घेतले आहे, खर्च कोणी किती केला, तार तुटली तर कोणी ओढायची, निरगुडीची वई कोणत्या महिन्यात कोण छाटणार. सख्ख्या शेजाऱ्याशी लिहून घेणे म्हणजे अविश्वास, असे वाटणाऱ्यांची भावना मी समजू शकतो. परंतु तोंडी शब्द पाळणारे दोघे गेल्यावर त्यांच्या मुलांकडे दाखवायला काही उरत नाही. इथे दोन गोष्टींचे भान हवे. रेषाच सरकवून जमीन देणे-घेणे होत असेल, तर साध्या कागदावर भागत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. आणि देखभालीचा खर्च देण्याचे वचन साधारणपणे सही करणाऱ्यालाच बांधते, पुढच्या खरेदीदाराला आपोआप नाही. म्हणून शेजारची जमीन विकली जात असल्याचे कानावर आले, की खरेदीखत होण्यापूर्वीच नव्या माणसाला तो कागद दाखवावा आणि त्याची सही घ्यावी.