विहिरीकाठच्या सातजणी

देऊळ म्हणावं तर भिंती नाहीत, कळस नाही, पुजारी तर नाहीच. विहिरीच्या थारोळ्याशी शेंदूर फासलेले सात दगड एका ओळीत मांडलेले. पुढ्यात फुटकी हिरवी बांगडी, सुकलेलं लिंबू, कुंकवाचे ओघळ. साती आसरांचं ठाणं ते एवढंच.

अप्सरांचं हे गावरान रूप. पोथीतली त्यांची नावं वाचावीत: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर; म्हणजे पाण्यातलीच वस्ती! गावात मात्र ही नावं कुणी घेत नाही. तिथं त्या नुसत्या ‘आसरा’.

त्यांचा धाक मोठा. डोहात कुणी बुडालं की ‘आसरांनी ओढलं’ म्हणत. पण नव्या विहिरीला पाणी लागलं की नारळही त्यांनाच, आणि मूल व्हावं म्हणून ओटीही त्यांचीच भरायची. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, खण. सगळा कारभार बायकांचा. जवळपास एखादा म्हसोबा असतो, तो राखणीपुरता.

गणिती दामोदर कोसंबी पुण्याभोवती पायी हिंडून असली ठाणी धुंडाळत. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (1962) या ग्रंथात त्यांनी मावळातल्या ‘मावळाया’ नोंदवल्या. त्याही जलदेवता, आणि कायम अनेकवचनी. कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखात या मुलखाचं नाव ‘मामाल’ असं येतं, तेव्हा मुलखाचं आणि मावळायांचं हे नातं दोन हजार वर्षांचं असावं, असा त्यांचा कयास. अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी 1995 च्या ‘वॉटर अँड वुमनहुड’मध्ये नद्यांच्या अंगानं आसरांचा माग काढला.

या सातजणी एकट्या मराठी मुलखाच्या नव्हेत. तमिळनाडूत तळ्याकाठी अशाच सात कुमारिका पुजतात, त्या ‘कन्निमार’. तिकडे जपानातही विहिरी-झऱ्यांशी ‘सुइजिन’ या जलदेवाची चिमुकली देवळं असतात.

आता शेतात बोअर पडते. बोअरला काठच नसतो, मग आसरांनी बसायचं कुठं? जुन्या ठाण्यांवर स्लॅब चढतो, फरशी बसते. उघड्यावर राहणाऱ्या देवतांना हे घर मानवणारं नाही. विहीर बुजवताना किंवा गाळ काढताना पंचायतीनं ते दगड भरावात लोटू नयेत. हलवावेच लागले, तर गावातल्या बायकांना विचारून पाण्याच्याच काठी मांडावेत.