तत्त्वज्ञानाची पदवी आणि कायद्याची वाट

नवी दिल्ली : दिल्लीच्या नैऋत्येकडील द्वारका या उपनगरात, सेक्टर १४ मध्ये, राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. २००८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी. अभ्यासक्रमाला बारावीनंतर थेट प्रवेश मिळतो. त्यामुळे वकील होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला सतराव्या-अठराव्या वर्षीच एक निर्णय घ्यावा लागतो. लगेच कायद्याकडे वळावे, की आधी तत्त्वज्ञानासारख्या विषयात पदवी घ्यावी?

हा प्रश्न मूळचा अमेरिकेतला. तेथे कायद्याचे शिक्षण पदवीनंतरच सुरू होते. अमेरिकन बार असोसिएशन त्यासाठी कोणत्याही एका विषयाची शिफारस करीत नाही. मात्र इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांच्याबरोबर तत्त्वज्ञान हाही रुळलेला पर्याय मानला जातो. तेथील एलसॅट या प्रवेश परीक्षेत तत्त्वज्ञानाच्या पदवीधरांचे सरासरी गुण वर्षानुवर्षे वरच्या श्रेणीत राहिले आहेत. परंतु हे तत्त्वज्ञानाचे फळ, की मुळातच युक्तिवादात रमणारे विद्यार्थी त्या विषयाकडे वळतात म्हणून, याचा निर्णय केवळ गुणांवरून करता येत नाही.

भारतात दोन मार्ग

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार भारतात दोन मार्ग आहेत. एक, बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम. दुसरा, कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. तत्त्वज्ञानाचा पदवीधर दुसऱ्या मार्गाने जातो. कोणताही मार्ग धरला, तरी विधिशास्त्र हा विषय अनिवार्य आहे. कायदा म्हणजे काय, तो का पाळावा, न्याय आणि कायदा यांचे नाते कोणते, हे त्यातील प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचेच आहेत.

राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या एआयएलईटी या प्रवेश परीक्षेत अलीकडे १५० पैकी ७० प्रश्न तर्कक्षमतेवर असतात. म्हणून तत्त्वज्ञान म्हणजे प्रवेश परीक्षेची तयारी, असा समज होऊ शकतो. तो बरोबर नाही. ही परीक्षा १२० मिनिटांत संपते. तेथे वेगाला महत्त्व आहे. तत्त्वज्ञान एकाच परिच्छेदावर आठवडाभर थांबायला शिकवते. त्याचा उपयोग दिसतो तो पुढे, निकालपत्र वाचताना आणि लिहिताना.

धरमतरची जेट्टी आणि जैमिनी

याचे उत्तम उदाहरण रायगड जिल्ह्यातील आहे. इस्पात इंडस्ट्रीज या कंपनीचा आयात माल धरमतरच्या जेट्टीवर येत असे. तेथपर्यंत मोठे जहाज जाऊ शकत नसल्याने माल मुंबईजवळच्या समुद्रात बार्जमध्ये उतरवून घेतला जाई. सीमाशुल्क आकारताना या बार्जचे भाडे मालाच्या मूल्यात धरावे काय, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

२००६ च्या निकालात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी जैमिनीच्या पूर्वमीमांसेचा आधार घेतला. मीमांसेतील गुण-प्रधान न्यायानुसार गौण वचनाचा मुख्य वचनाशी विरोध आला, तर गौण वचनाने मुख्याशी जुळवून घ्यावे, अन्यथा ते बाजूला ठेवावे. येथे सीमाशुल्क कायद्याचे कलम मुख्य आणि मूल्यनिर्धारणाचे नियम गौण, असा विचार करून न्यायालयाने निर्णय कंपनीच्या बाजूने दिला. पुढे २००७ च्या नियमांत बार्जच्या खर्चाचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला. नियम बदलला, पण वचनांची प्रतवारी लावण्याची ती पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे.

यज्ञविधीच्या वाक्यांचा अर्थ लावण्यासाठी घडलेले शास्त्र कराच्या वादात उपयोगी पडते, यात नवल वाटण्याचे कारण नाही. आधी विषय मांडायचा, मग संशय, मग पूर्वपक्ष, आणि त्याचे खंडन करून सिद्धांत, ही मीमांसकांची रीत आणि निकालपत्राची रचना यांत जवळचे साम्य आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे हे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत आणि मीमांसेचेही गाढे अभ्यासक होते. 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा त्यांचा पंचखंडात्मक ग्रंथ या दुहेरी व्यासंगाची साक्ष देतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानही न्यायालयाला परके नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये दिला. त्यातील न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात ॲरिस्टॉटल आणि जॉन स्टुअर्ट मिल यांच्या विचारांची चर्चा आहे.

किंमत कोणती?

या मार्गाची किंमतही आहे. पदवीची तीन आणि एलएल.बी.ची तीन, अशी सहा वर्षे लागतात. एकत्रित अभ्यासक्रम पाच वर्षांत पूर्ण होतो. एका वर्षाची फी, राहण्याचा खर्च आणि कमाईस होणारा उशीर अनेक कुटुंबांना जड जातो. शिवाय द्वारकेतील विधी विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रम बारावीनंतरचा असल्याने, तत्त्वज्ञानाच्या पदवीधराला तो सहा वर्षांच्या हिशेबात बसवता येत नाही. एलएल.बी. झाल्यावर एलएल.एम.साठी मात्र तेथील दार उघडे असते.

पर्याय तरीही आहेत. द्वारकेहून मेट्रोने राजीव चौकात गाडी बदलून विश्वविद्यालय स्थानकावर उतरले, की दिल्ली विद्यापीठ येते. तेथे तत्त्वज्ञानाची पदवी आणि नंतर तीन वर्षांची एलएल.बी., दोन्हींची सोय आहे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलनेही २०२२ पासून तीन वर्षांची एलएल.बी. सुरू केली. महाराष्ट्रात मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय येथे दोन्ही मार्ग उपलब्ध आहेत. प्रवेश राज्याच्या सीईटीद्वारे होतो.

तात्पर्य, तत्त्वज्ञान ही कायद्याच्या प्रवेशाची अट नाही आणि यशाची हमीही नाही. ज्याला केवळ लवकर वकील व्हायचे आहे, त्याने पाच वर्षांचा मार्ग धरणे श्रेयस्कर. ज्याला प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही नेमकेपणाने मांडता यावे असे वाटते आणि त्यासाठी एक वर्ष अधिक देणे परवडते, त्याचे ते वर्ष वाया जाणार नाही.