दीर्घिकांचे क्ष-किरण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सप्तर्षीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर एम ८२ ही दीर्घिका आहे. साध्या दुर्बिणीतून ती लांबट, धूसर पट्ट्यासारखी दिसते. ‘चंद्रा’ या क्ष-किरण अंतराळ दुर्बिणीच्या चित्रात मात्र त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना हजारो प्रकाशवर्षे उसळलेला तप्त वायू दिसतो. अशा चित्रांभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: दवाखान्यात छातीचा काढतात, तसाच हा दीर्घिकेचा ‘एक्स-रे’.
वस्तुस्थिती: दवाखान्यात किरण यंत्र सोडतं आणि फिल्मवर हाडांची सावली उमटते. अंतराळ दुर्बीण काहीच सोडत नाही. दीर्घिकेतून निघालेले किरण ती फक्त टिपते. एम ८२मध्ये तारे झपाट्याने जन्मतात. त्यांतल्या महाकाय, अल्पायुषी ताऱ्यांचे स्फोट होतात आणि त्यांनी तापवलेला वायू क्ष-किरण देऊ लागतो.

गैरसमज: उंच डोंगरावर मोठी दुर्बीण बसवली की काम भागेल.
वस्तुस्थिती: लडाखमधली हान्लेची उंचावरची वेधशाळासुद्धा त्यासाठी अपुरी आहे. आपलं वातावरण हे किरण शोषून घेतं. जास्त ऊर्जेचे काही किरण सुमारे ४० किलोमीटर उंचीवरच्या बलूनमधून टिपता येतात, बाकीच्यांसाठी अवकाशातच जावं लागतं. सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला तो १९६२ साली, रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी सोडलेल्या रॉकेटमुळे.

शिवाय नेहमीचा आरसाही इथे निरुपयोगी. समोरून आदळलेला क्ष-किरण आरशात शिरतो. पाण्यावर चपटा दगड तिरका भिरकावला तर तो टप्पे घेत जातो, तसा हा किरण अगदी तिरपा आला तरच परावर्तित होतो. म्हणून ‘चंद्रा’त इरिडियमचा मुलामा दिलेल्या नळकांड्यासारख्या आरशांच्या चार जोड्या एकात एक बसवल्या आहेत.

गैरसमज: क्ष-किरणांचा प्रखर ठिपका म्हणजे कृष्णविवरच.
वस्तुस्थिती: कृष्णविवरातून काहीच बाहेर पडत नाही, किरण येतात ते त्यात पडण्यापूर्वी तापलेल्या वायूतून. आणि दर वेळी तिथे कृष्णविवर असेलच असंही नाही. एम ८२मधला एक अतिप्रखर स्रोत कृष्णविवराचा मानला जात होता. २०१४ मध्ये ‘नुस्टार’ दुर्बिणीच्या निरीक्षणांत त्याचे दर १.३७ सेकंदाला येणारे स्पंद सापडले. असे नेमके ठोके कृष्णविवर देत नाही. तो निघाला फिरता न्यूट्रॉन तारा.

गैरसमज: दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी असते.
वस्तुस्थिती: ययाती तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकासमूहात ही जागा कोट्यवधी अंश तापलेल्या वायूने व्यापली आहे. अशा मोठ्या समूहांत सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानापेक्षा या वायूचं वस्तुमान कितीतरी जास्त भरतं. तरी तो इतका विरळ, की बऱ्याच भागात घनमीटरमागे हजारेकच कण सापडतील. तापमान प्रचंड असलं, तरी तेवढ्या जागेतली उष्णता नगण्यच. नेहमीच्या प्रकाशात हा वायू दिसत नाही, त्यामुळे क्ष-किरण दुर्बिणी नसत्या तर समूहातल्या सामान्य पदार्थाचा मोठा हिस्सा आपल्या हिशेबातून निसटला असता.

गैरसमज: चित्रातले रंग मनचे असतात, म्हणजे चित्रच खोटं.
वस्तुस्थिती: दुर्बिणीकडून चित्र येत नाही, नोंदींची यादी येते: प्रत्येक फोटॉन कुठे पडला, कधी आला, त्याची ऊर्जा किती. रंग त्या ऊर्जेनुसार दिले जातात. बहुधा कमी ऊर्जेला लाल, जास्तीला निळा. रंगांची निवड माणसाची, मोजमाप मात्र खरं.

अशा याद्या आपल्याकडेही तयार होतात. सप्टेंबर २०१५ मध्ये श्रीहरिकोट्याहून निघालेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनली, आणि तिच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुल्या होतात. चित्राबद्दल शंका असलेल्याला मूळ आकडे स्वतः तपासता येतात.