दोन विमानांमधला वेळ

परदेशी निघालेल्या माणसाचं वाटेत काही बिनसलं, की आपण आधी त्याच्या वेंधळेपणाकडे बोट दाखवतो. विमान चुकलं म्हणजे रेंगाळला असणार, बॅग आली नाही म्हणजे नीट चौकशी केली नसणार. मला हा अन्याय वाटतो. पुण्यातले आईवडील न्यूअर्कमार्गे क्लीव्हलँडला मुलीकडे निघाले आहेत, असं धरू. द्रुतगती मार्गावरची टॅक्सी, मुंबईत चेक-इन, मग इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी. आखातात किंवा युरोपात उतरल्यावर पुन्हा तपासणी, तिथे दुसरं विमान गाठणं, मग अमेरिकेतलं इमिग्रेशन आणि त्यानंतर बॅगा. झाले आठ टप्पे. समजा, यातला प्रत्येक टप्पा शंभरातल्या पंच्याण्णव वेळा सुरळीत पार पडतो. तरीही आठही टप्पे एकाच प्रवासात सुरळीत पार पडण्याची शक्यता उरते जेमतेम ६६ टक्के. म्हणजे या हिशेबाने दर तीन प्रवासांपैकी एकात कुठे ना कुठे अडणारच, आणि तिथे प्रवाशाची चूक असायलाच हवी असं मुळीच नाही.

नुसतं अडल्याने फारसं बिघडत नाही. खंडाळ्याच्या घाटात तासभर गेला, तर विमानतळावर हाताशी राखलेला वेळ तो गिळून टाकतो. खरी पंचाईत होते ती वेळ राखलेलाच नसतो तिथे, आणि अशी जागा बहुतेकदा दोन विमानांच्या मध्ये असते. विमान बदलायला किमान किती मिनिटं लागतात, हे प्रत्येक विमानतळासाठी ठरलेलं असतं आणि तिकिटं त्याच हिशेबाने विकली जातात. पण त्या हिशेबात पहिलं विमान वेळेवर आलेलं असतं. प्रत्यक्षात ते अर्ध्या तासाने उतरतं, मागच्या रांगेतल्या माणसाला बाहेर पडायला आणखी पाव तास लागतो, पुढे बस, लांबलचक मार्गिका, तपासणीची रांग. आणि गेट तर विमान सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच बंद होतं. तिकिटावरचे दीड तास हातात येईपर्यंत अर्ध्या तासाहूनही कमी उरतात. ही धावपळ कोण करणार? ज्याने रात्र अशा हवेत काढली आहे, जिचा दाब समुद्रसपाटीपासून १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचं. म्हणजे सत्तरीतल्या माणसाला कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ आणि कमालीच्या कोरड्या हवेत, पाय आखडून, रात्रभर बसवायचं आणि उतरल्या उतरल्या परक्या भाषेतल्या पाट्या वाचत पळायला लावायचं. त्यात पूर्व अमेरिकेच्या आणि आपल्या घड्याळात साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक, आणि शरीर नव्या वेळेशी जुळतं ते साधारण दिवसाला तासाभराच्या गतीने. अशा वेळी पासपोर्ट कुठल्या खिशात ठेवला हे आठवलं नाही, तर त्याला मी वेंधळेपणा म्हणणार नाही.

म्हणून दोन विमानांच्या मध्ये चार-पाच तास राखावेत, असं माझं म्हणणं. यावर कोणी म्हणेल, मग थेट विमान घ्या. परवडत असेल तर जरूर घ्यावं. पण मुंबई-न्यूअर्क सलग पंधरा-सोळा तास एका जागी बसणंही गुडघ्यांना आणि रक्ताभिसरणाला सोपं नाही, आणि क्लीव्हलँडपर्यंत थेट विमान नाहीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मध्ये चार-पाच तास ताटकळत बसवलं तर म्हातारी माणसं आणखी थकतील, असं मुलांना वाटतं. थकतील हे खरंच. पण तो थकवा खुर्चीत बसून, चहा पिऊन, चार पावलं फिरून जिरवता येतो. विमान चुकल्यावर अनोळखी काउंटरवरची रांग, बंद पडलेला फोन आणि काळजीने होणारी घालमेल तशी जिरत नाही. व्हीलचेअरचंही थोडं असंच आहे. चालता येत असूनही केवळ वाट चुकण्याच्या आणि भाषेच्या भीतीने ती मागणारे बरेच असतात, आणि ज्याला खरोखर गरज आहे तो खोळंबतो. हाताशी वेळ असला, तर यातल्या काहींना तरी ती मागावी लागणार नाही.

पैसे वाचवायला दोन वेगवेगळी तिकिटं जोडणं मात्र मला सर्वांत घातक वाटतं. एकाच तिकिटावर प्रवास असेल, तर पहिलं विमान उशिरा पोचल्यावर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते. दोन तिकिटं असली, की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी, पैसे गेले. शिवाय बॅग मध्येच उतरवून घ्यावी लागली, तर तिच्यासाठी इमिग्रेशन ओलांडायचं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा हवा. म्हणून चेक-इनला बॅगेच्या मुठीला गुंडाळतात ती लांब कागदी पट्टी तिथल्या तिथे वाचावी. तिच्यावर विमानतळांच्या नावांची तीन-तीन अक्षरं छापलेली असतात. सर्वांत ठळक असतं ते बॅगेचं शेवटचं ठिकाण. तिथे मधल्याच शहराचं नाव दिसलं, तर काउंटर सोडण्याआधी विचारावं. अमेरिकेत आणखी एक मेख आहे. पट्टीवर क्लीव्हलँड छापलेलं असलं, तरी सहसा देशात पहिल्यांदा उतरता त्या न्यूअर्कलाच पट्ट्यावरून बॅगा स्वतः उचलाव्या लागतात, कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवाव्या लागतात. तेवीस-तेवीस किलोंच्या चार बॅगा, दोन म्हातारी माणसं आणि पुढचं विमान दीड तासावर.