थॅलेसेमिया : दोष कुणाचाच नाही, मदत मात्र नक्की आहे

‘आमच्या घराण्यात असं कुणालाच नव्हतं!’ बाळाला थॅलेसेमिया आहे असं कळलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि बोट आईकडे वळतं. पण थॅलेसेमिया मेजर होतो तो आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यावरच. असं एकच जनुक असलेली व्यक्ती म्हणजे वाहक, अर्थात ‘थॅलेसेमिया मायनर’. तिला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पत्ताच लागत नाही.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून पुढच्या वेळी ती कमी होत नाही.

तपासणी कधी आणि कोणती?

पत्रिका जुळवताना ‘एचबी ए-२’ ही रक्ततपासणीही करून घ्या. ते राहिलं असेल तर निदान गर्भारपणाच्या सुरुवातीला करा. दोघंही वाहक निघाले तर साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, पण इतरांनीही गाफील राहू नये.

निदान झाल्यावर मदत कुठे मिळेल?

• रक्त : मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. सरकारी रक्तपेढीत ते मोफत मिळतं. वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साठतं, म्हणून ते बाहेर काढणारी औषधं चुकवू नका.

• प्रमाणपत्र : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. ‘यूडीआयडी’ कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

• प्रत्यारोपण : सख्ख्या भावंडाशी एचएलए जुळलं तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. कोल इंडियाच्या ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजने’तून पात्र मुलांना १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते.

• सोबत : दिल्लीची ‘थॅलेसेमिक्स इंडिया’ ही संस्था रुग्ण आणि पालकांना माहिती व आधार देते. रक्त द्यायला नेता त्या वॉर्डातल्या पालकांशीही बोला. कोणता कागद कुठे लागतो, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

आणि एक करा. घरात एक वाहक सापडला की काका, मामा, मावशी, आत्या सगळ्यांना कळवा. वाहकाच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकजण वाहक असण्याची शक्यता निम्मी तरी असते. ही गोष्ट लपवली, तर पुढच्या लग्नात तीच चूक पुन्हा होते.