पांढरीच्या पोटातले नगर

मराठवाड्यातल्या कोणत्याही खेड्यात जुन्या माणसाला जमिनीविषयी विचारा. तो दोन नावे सांगेल : 'काळी' आणि 'पांढरी'. काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हे गाव घ्या, नाहीतर तुमचे स्वतःचे गाव घ्या. हे दोन शब्द तुम्हाला तेथे ऐकायला मिळतील.

आता प्रश्न असा, की शिवारभर काळी असलेली माती गावापाशी येताच पांढरट का होते? खडक तर दोन्हीकडे तोच, बेसॉल्ट. त्याची झीज होऊन काळी माती तयार झाली. तिच्यावर माणसे राहू लागली. रोज चुली पेटल्या आणि राख बाहेर पडली. भिंती पडल्या, पुन्हा बांधल्या गेल्या. चुना, शेण, हाडे, फुटकी मडकी, सारे तेथेच साचत गेले. शेकडो वर्षांत मातीचा रंग बदलला आणि जमीन उंच झाली. राखेमुळे तिच्यात चुन्याचे क्षार वाढतात, हाडे व शेण यांच्यामुळे फॉस्फेट वाढते. म्हणून मातीतील फॉस्फेटचे प्रमाण तपासूनही जुन्या वस्तीची जागा ओळखता येते. पांढरी ही निसर्गाने घडवलेली माती नव्हे, ती माणसाने घडवलेली आहे!

अशाच पांढरीच्या पोटातून एक प्राचीन नगर बाहेर आले. ते पाहायला आपल्याला ईटहून त्याच जिल्ह्यातल्या तेरला जायचे आहे.

दहा दिवसांच्या वाटेवरचे नगर

तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव. संत गोरा कुंभार यांचे, म्हणजे गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते आपल्याला ठाऊक असते. पण त्यांच्याही आधी हजार-बाराशे वर्षे तेथे कुंभारांची चाके फिरत होती.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे एक पुस्तक आहे. समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्यांसाठी ते लिहिलेले आहे. त्यात म्हटले आहे, की भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेकडे आणखी दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे फार मोठे नगर आहे. तेथून साधे सुती कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोचला येते.

हे तगर कोणते? कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर. इ. स. १९०१ मध्ये फ्लीट या विद्वानाने ते तेर असल्याचे मांडले. तुम्ही नकाशा घेऊन त्याचे म्हणणे पडताळून पाहू शकता. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरते. त्याला वीसने भागा : दिवसाला साडेसतरा किलोमीटर. पैठण ते तेर हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. त्याला दहाने भागा : दिवसाला पंधरा किलोमीटर. दोन्ही आकडे भरलेल्या बैलगाडीच्या चालीला शोभणारे आहेत. दिशा मात्र नेमकी पूर्व नाही, आग्नेय आहे. पण ज्याने ऐकीव माहितीवरून लिहिले, त्याची एवढी चूक आपण पदरात घेऊ.

गणित जुळले तरी पुरावा जमिनीतून यावा लागतो. १९५८ साली चापेकर या पुरातत्त्वज्ञांनी तेरला उत्खनन केले आणि सातवाहन काळातील वस्तीचे थर उजेडात आले. पुढेही तेथे उत्खनने झाली. पण त्याच्याही आधीपासून तेरमधील एक गृहस्थ पांढरीतून मिळणाऱ्या वस्तू जपून ठेवत होते. त्यांचे नाव रामलिंगप्पा लामतुरे. खेळण्याएवढी मातीची मूर्ती, फुटका मणी, गंजलेले नाणे, ज्याला इतरांनी उकिरड्यावर टाकले असते ते त्यांनी जमवले. आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते आणि त्यांचा हजारो वस्तूंचा संग्रह तेथे आहे.

कपाटातील निसर्ग

संग्रहालयात शिरल्यावर आपण बहुधा 'हे किती जुने?' एवढेच विचारतो. त्याऐवजी 'हे कशाचे?' असे विचारून पाहा. इतिहासाच्या दालनात निसर्गाचे दालन उघडेल.

शंखाच्या बांगड्यांचे तुकडे पाहा. शंख समुद्रात होतो आणि तेरपासून अरबी समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. म्हणजे बांगडीचा एवढासा तुकडा एका लांबच्या वाटेचा साक्षीदार आहे.

तांबूस अकीकाचे मणी पाहा. हा दगड मात्र आपल्या घरचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपले आणि थरावर थर बसून गारगोट्या व अकीक तयार झाले. ओढ्यात किंवा माळावर तुम्ही ज्या गारगोट्या ठोकून ठिणग्या पाडता, त्यांचेच हे भावंड. त्यातील लोहाच्या अंशामुळे तापवल्यावर त्याचा तांबडा रंग खुलतो. हे जुन्या कारागिरांना माहीत होते.

तेरच्या मृण्मूर्ती पाहा. त्यांतील अनेक मूर्ती केओलिन या पांढऱ्या, मऊ मातीच्या आहेत. आपल्या रेगड मातीत त्या घडल्या नसत्या. रेगड ओली असताना फुगते आणि वाळताना आक्रसून तडकते. केओलिन तितकी आक्रसत नाही, त्यामुळे केसांच्या बटा आणि कानांतली कुंडले यांचे बारकावे टिकतात. या मूर्ती दोन साच्यांतून काढलेल्या आहेत. एका साच्यातून पुढची बाजू, दुसऱ्यातून मागची. मग दोन्ही जोडायच्या. मूर्ती आतून पोकळ राहते. त्यामुळे माती कमी लागते आणि भट्टीत ती फुटण्याचा धोकाही कमी होतो. कला येथे विज्ञानाच्या हातात हात घालून चालते.

तेरच्या जुन्या देवळांतील विटा तर पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत. यात चमत्कार नाही. मातीत तूस मिसळून वीट भाजली, की तूस जळून जाते आणि त्याच्या जागी हवेने भरलेल्या पोकळ्या उरतात. विटेच्या एका घनसेंटिमीटरचे वजन एका ग्रॅमपेक्षा कमी झाले, की ती तरंगणारच. साऱ्या पोकळ्यांत पाणी शिरले तर तीच वीट बुडेल.

दोन बहिणी

या संग्रहातील सर्वांत नावाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती. मूर्ती लहानशी, पण तिचे दागिने आणि केशरचना पाहताना भिंग हातात असावेसे वाटते.

तिची एक बहीण हजारो किलोमीटर दूर, इटलीत आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई हे नगर राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथील एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या डोक्यातून खाली उभे छिद्र आहे. म्हणून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय असावा, असे मानतात. ती नेमकी कोठे घडली याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण तिचे तेरच्या मूर्तीशी असलेले साम्य कोणाच्याही डोळ्यांत भरते. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही अशाच एका हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला.

आता नीट विचार करा. पॉम्पेईची मूर्ती किती जुनी? ती ७९ सालच्या राखेखाली होती, म्हणून ती त्याआधीची आहे हे निश्चित. भोकरदनच्या तुकड्याला त्याचा थर साक्ष देतो. तेरची मूर्ती मात्र उत्खननातून आलेली नाही. ती कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरे वा नाणी होती, हे तिच्याबरोबर आलेले नाही. तिचा काळ आपण बहिणींकडे पाहून ठरवतो. त्या सापडल्या नसत्या तर ही मूर्ती सुंदर असूनही अर्धी मुकीच राहिली असती.

रामलिंगप्पांना याचा दोष देता येत नाही. त्यांनी उचलून ठेवली नसती तर मूर्ती आज नसतीच. पण आपल्याला आज जे कळते, त्यानुसार आपण वागायला हवे.

पांढरी खणताना

पांढरी संपत चालली आहे. माळवदावर टाकायला आणि भिंती सारवायला लोक पिढ्यान्‌पिढ्या तीच माती आणत आले. आता यंत्रे एका दिवसात टेकाड सपाट करतात. थर एकदा विस्कटले की पुन्हा लावता येत नाहीत. पुस्तकाची पाने फाडून टोपलीत टाकली, तर अक्षरे राहतात पण गोष्ट जाते, तसेच हे आहे.

म्हणून पावसाळ्यानंतर टेकाडाच्या कडेला काही दिसले, तर ते उकरू नका. जागा लिहून ठेवा, किती खोलीवर आहे ते मोजा, जमल्यास छायाचित्र घ्या आणि शिक्षकांना सांगा. जमिनीतून निघालेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

जुने नाणे मिळाले तर ते चिंचेने घासून लखलखीत करू नका. चिंचेतील आम्ल गंजाबरोबर नाण्यावरची अक्षरेही खाते. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत. लाकडी कपाटातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनीसुद्धा शिसे हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलते. हस्तिदंत दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो आणि तडकतो. कपाटात ठेवले म्हणजे वस्तू टिकली असे नाही. ती रोज टिकवावी लागते.

करून पाहा

१. काडेपेटीच्या आतल्या खोक्यात मळलेली माती दाबून एक छोटी वीट पाडा. दुसरी वीट माती व भाताचे तूस समप्रमाणात मिसळून पाडा. दोन्ही सावलीत वाळवा आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली भाजून घ्या. थंड झाल्यावर लांबी, रुंदी व जाडी मोजा, वजन करा आणि घनता काढा. तुमची वीट तरंगते का? नसल्यास तुसाचे प्रमाण बदलून पाहा.

२. गावातील काळीची आणि पांढरीची एकेक मूठ माती वेगवेगळ्या बाटल्यांत पाणी घालून हलवा व रात्रभर ठेवा. थरांची तुलना करा. पांढरीत कोळशाचे कण, खापरीचे वा हाडाचे तुकडे दिसतात का?

३. शाळेत एक वही ठेवा. गावातील जुना शिलालेख, वीरगळ, बारव, पडका बुरूज यांची जागा, मापे व चित्रे तिच्यात नोंदवा. कोणतीही वस्तू जागची हलवू नका. हे तुमच्या गावचे पहिले संग्रहालय असेल, आणि त्यातील प्रत्येक वस्तूला ती कोठली हे सांगता येईल.