डॉट ऑर्ग : संस्थेचे नाव संस्थेच्याच हाती असावे



अनेक सेवाभावी संस्थांच्या वेबसाइटच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट ऑर्ग’ असा असतो. या शेवटच्या भागाला टॉप लेव्हल डोमेन म्हणतात. डॉट कॉम व्यापारासाठी, डॉट एज्यु शिक्षणासाठी, तसे डॉट ऑर्ग इतर संस्थांसाठी १९८५ साली सुरू झाले. २००३ पासून त्याचा कारभार पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही ना-नफा संस्था पाहते.

मात्र हे नाव कोणालाही घेता येते. त्यासाठी ट्रस्टच्या नोंदणीचा दाखला लागत नाही. म्हणून केवळ ‘ऑर्ग’ पाहून देणगी पाठवू नये. संस्थेच्या पावतीवर किंवा पत्रिकेत छापलेला पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहावा.

नाव घेण्याची रीत सोपी आहे. आयकॅन या जागतिक संस्थेची मान्यता असलेल्या कंपन्या, म्हणजे रजिस्ट्रार, नावे नोंदवून देतात. त्यांच्या वेबसाइटवर हवे ते नाव शिल्लक आहे का ते पाहावे. इंग्रजी अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ चालते. मोकळी जागा चालत नाही. नाव लहान व फोनवर सांगता येईल असे असावे. नोंदणी १ ते १० वर्षांसाठी होते. नंतर येणाऱ्या ईमेलमधील दुव्यावरून १५ दिवसांत पत्ता पक्का करावा, नाहीतर नाव बंद पडू शकते.

येथेच पुष्कळदा घोटाळा होतो. एखादा उत्साही तरुण स्वतःच्या नावाने व ईमेलने नोंदणी करतो. पुढे तो नोकरीसाठी दूर जातो, नूतनीकरणाच्या सूचना त्यालाच जात राहतात आणि मुदत टळते. नोंद रद्द झाली की जादा शुल्क भरून ती सोडवायला साधारण ३० दिवस मिळतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत नाव सर्वांना खुले होते. मग परका माणूस ते घेऊन त्याच पत्त्यावर देणगीचे पान उघडू शकतो, आणि जुने हितचिंतक विश्वासाने तेथेच जातात.

म्हणून नोंदणी संस्थेच्या नावाने करावी, ईमेल कार्यालयाचा द्यावा, पासवर्ड दोन विश्वस्तांकडे असावा आणि नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावी. आपण ज्या संस्थेला हातभार लावता, तिच्या पुढच्या सभेत एवढेच विचारा : आपले डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते?